हवाईची राणी आणि आमचा डोंगर

३ एप्रिल १९६८

अखेर मी विद्वान झालो! पोस्टमास्तर गोकुळदास सकाळी शाळेत आले. आमच्या वाचनालयाचे अध्यक्षही तेच. वर्धापनदिनाला २१ तारखेला तुमचं व्याख्यान ठेवतो म्हणाले. विषयही ठरवून आणलेला — ‘अमेरिकेचा समुद्रापारचा साम्राज्यवाद : कारणे आणि परिणाम’. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार कसला! ते फाटकाबाहेर पडायच्या आत मी मनातल्या मनात सभेला वंदन करून मोकळा झालो होतो.

घरी शेवंतीला सांगितलं. ती कोकमाची भिरंडं फोडत होती. मान वर न करता म्हणाली, अमेरिकेला कळवलंय का?

बायको अशी असली की माणसाचं डोकं जमिनीवर राहतं.

६ एप्रिल

पणजीहून चार जाडे ग्रंथ आणले. बसमध्ये मुद्दाम पिशवीत घातले नाहीत, मांडीवर ठेवले. कुणी विचारलं नाही. डिचोलीला उतरताना एकाने विचारलं — विमा एजंट का हो?

कारणं मात्र झकास सापडली. त्यांच्या कारखान्यांत माल वाढला, घरात गिऱ्हाईक पुरेना. आगबोटींना कोळसा भरायला वाटेत बंदरं हवीत. आणि वर म्हणायचं काय, तर आम्ही तुमच्याच भल्यासाठी आलो! हे शेवटचं मला फार आवडलं. इथे टाळी पडणार.

९ एप्रिल

खाणवाल्यांचा माणूस आला होता, कृष्णनाथ. आमच्या मागचा डोंगर त्यांना हवा. खाली लोखंडाचा दगड आहे म्हणे. बोलणं गोड, शर्ट इस्त्रीचा. आणि अंगणात त्याची स्कूटर, निळी. मी काही ना काही निमित्त काढून तीनदा बाहेर गेलो. तिसऱ्यांदा सीटवर बसून पाहिलं. शेवंतीने स्वयंपाकघराच्या जनेलातून बघितलं.

डोंगर आईच्या माहेरचा. तिच्या नावाने — रुक्मिणीचा डोंगर — गाव अजून ओळखतो. काजू तिनेच लावले. पायथ्याला पाण्याची झर आहे, तिच्यावर आमचं शेत नि घर. ती गेल्यापासून अर्धा डोंगर माझा, अर्धा पद्मावती आक्काचा. पोर्तुगीज गेले पण कायदा ठेवून गेले, बहिणीला भावाइतकाच वाटा! तेव्हा आधी तिचं संमतीपत्र हवं.

दोन वर्षांत मीही शाळेत स्कूटरवरून जाईन, असं कृष्णनाथ म्हणाला. हेडमास्तर सायकलवर येतात. सहज आपलं लिहिलं.

१३ एप्रिल

आक्का धारगळहून आली. काजूच्या दिवसांत दरवर्षी आठ-दहा दिवस येते, आपल्या वाटणीचे काजू आपल्या हाताने वेचते. या वयातही डोंगर चढते. मी अर्ध्यावर दम लागल्यावर निसर्गसौंदर्य बघत उभा राहतो.

१४ एप्रिल

संध्याकाळी ओसरीवर व्याख्यानाची तालीम. श्रोते दोन — आक्का आणि शेवंती. शेवंती पहिल्याच कारणाला पेंगली.

आक्का मात्र हवाईच्या राणीवर कान देऊन बसली. सांगितलं, गोरे आधी पाहुणे म्हणून आले. मग उसासाठी जमिनी घेतल्या. मग बंदुका आणल्या आणि राणीला गादीवरून उतरवलं. पुढे तिला कोंडून तिच्याकडून कागदावर सही घेतली, तीसुद्धा तिने कधीच न लावलेल्या नावाने! राणी नंतर म्हणाली, त्या नावाची बाई कधी नव्हतीच.

आक्काने हे मला पुन्हा सांगायला लावलं. मी खुललो, हातवारे करून सांगितलं.

“आणि मगे? राज्य परत गावला तिका?”

नाही मिळालं, मी म्हटलं. आक्का सुपारी कातरायला लागली. निरक्षर नसली तरी दुसरीपर्यंतच शिकलेली बाई, पण केवढी जिज्ञासा! व्याख्यान चांगलं वठणार.

१६ एप्रिल

कृष्णनाथ कागद घेऊन आला. इंग्रजीत. मीच आक्काला मराठी करून वाचून दाखवला. एक ते सहा कलमं नीट वाचली. सातवं — झर आणि झरीची वाट खाणीच्या ताब्यात जाईल, पाणी हवं तिकडे वळवता येईल. हे मनातच वाचलं. पाणी प्यालो, आणि आठव्यावर गेलो.

“झरीचा काय लिवलेला आसा?”

काही नाही, मी म्हटलं. तिच्याच भल्यासाठी म्हटलं. पैसे आले तर तिच्याच घराची कौलं बदलतील. उगाच त्या पाण्यापायी अडून बसली असती.

तिने पेन मागितलं. मला तिच्या हाताकडे बघवेना, अंगणातल्या कोंबड्या मोजत राहिलो. पद्मावती एवढं लांब नाव, लिहायला तिला एरवी युग लागतं. आज लवकर आटोपलं. कृष्णनाथने शाई वाळू दिली आणि बोलता बोलता कागद घडी घालून खिशात टाकला. २९ तारखेला नोटरीकडे. तिथे मी, आणि त्याच पोर्तुगीज कायद्याने शेवंतीही, सही करणार.

शेवंतीने चहाचे कोप उचलले. माझा अर्धा भरलेला होता, तोही उचलला.

१७ एप्रिल

झोप छान लागली. रोजनिशीत तरी खोटं का लिहू — नाही लागली.

२१ एप्रिल

झालं व्याख्यान! पंचावन्न मिनिटं! ‘तुमच्याच भल्यासाठी’ला टाळी पडली. ती ऐकताना मला घाम फुटला. लोकांना वाटलं, आवेश.

शेवटी गोकुळदासांनी प्रश्न विचारला. आपल्या खाणींचा दगड बार्जमधून मुरगावला जातो, तिथून जपानला. पुढे काय होतं त्याचं? मी लगेच सांगितलं — पोलाद होतं. जपान आज अमेरिकेच्या व्हिएतनामातल्या युद्धाला किती तरी माल पुरवतो. गोकुळदास म्हणाले, म्हणजे आपल्याही डोंगराचा एखादा तुकडा तिथे कुणाच्या डोक्यावर पडत असेल?

मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही. फार भारदस्त आवाजात म्हटलं. पुन्हा टाळ्या. बायकांत आक्का बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती. हार घालताना माझी मान इतकी खाली होती की वाचनालयाच्या मासिकाच्या पुढच्या अंकात मला विनयशील वगैरे छापतील.

कारणे आणि परिणाम सांगायला मी अमेरिकेपर्यंत गेलो. दहा पावलांवर परसामागचा डोंगर होता.

२२ एप्रिल

आक्का गेली. जाण्याआधी झरीवर जाऊन आली, ओंजळीने पाणी प्यायली. मी पिशवी घेऊन बसपर्यंत पोचवायला गेलो. सातवं कलम जिभेवर होतं. रस्ताभर होतं. बस आली, आणि मी विचारलं, छत्री घेतलीस ना?

चढता चढता ती म्हणाली, “पोरांचे पेपर तपासतंस तसो माझो कागदय एकदा तपास हां.”

अक्षराबद्दल लाजते बिचारी! मी हसून हात हलवला.

२५ एप्रिल

शेवंतीला सातवं कलम सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, तुम्ही पाणी प्यालात तेव्हाच आम्हां दोघींना कळलं. मग सही करशील ना, विचारलं. म्हणाली, आक्कांनी पद्मावती म्हणून जिथे सही केली असेल, तिथे खाली मी करीन.

हिचा होकार इतक्या लवकर? वीस वर्षांत नाही मिळाला. मी खूश झालो. आणि स्वतःची किळस आली. दोन्ही एकदम होतं, हे इतिहासात कुठे लिहिलेलं नाही.

२९ एप्रिल

नोटरीकडे गेलो. होय, गेलोच! कृष्णनाथच्या स्कूटरवर, मागे बसून. शेवंती बसने आली.

नोटरींनी कागद उलगडला. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. बहिणीचं नाव पद्मावती ना? मग ही सही रुक्मिणी कोण?

आईचं नाव, पण अक्षर आक्काचंच. ठळक, एक वेलांटी वाकडी नाही. जन्मभर पोरांचे पेपर तपासले आणि एवढी एक ओळ बघायचं धैर्य झालं नाही! कृष्णनाथ माझ्याकडे बघत होता. शेवंती खिडकीबाहेर.

नोटरींनी पुन्हा विचारलं, कोण ही बाई? सही करायला येऊ शकेल?

मी म्हटलं, “नाही येणार. ती डोंगराची मालकीण.”