माझ्या घराला राजा नको

मी, सेव्हरिना अंतोन मिस्किटा, वय अंदाजे चौऱ्याऐंशी, राहणार साकीनाक्यामागचं गावठण, अंधेरी पूर्व, कुणाचाही दाब नसताना माझी अखेरची इच्छा सांगते आणि ॲडव्होकेट प्रांजल वैती ती लिहून घेतात. मला अक्षर येत नाही, डोकं मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टर शिवदास यांनी आज वार कोणता ते विचारून खात्री केली. मी वार सांगितला, आणि त्यांनी शर्टाची बटणं चुकीची लावलीत तेही सांगितलं.

१. गावठणातलं एकमजली घर माझा नवरा अंतोन याने हयातीतच माझ्या नावावर केलं. माझ्या पश्चात ते नात ॲमांडा हिचं. त्यातल्या मागच्या दोन खोल्या तेवढ्या माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप युस्टेस याच्या. ॲमांडाच्या हिश्श्याला कसलीही अट नाही. प्रांजलबाई, हे जाड अक्षरात घ्या.

२. अट का नाही ते सांगते. ॲमांडाला घाटकोपरच्या प्रबुद्धशी लग्न करायचंय. मुलगा बौद्ध, पवईला नोकरी, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो. युस्टेसने आजवर उचललेलं नाही. त्याने जाहीर केलं, "आधी त्याचा बाप्तिस्मा. नाहीतर दोघांनी या घरात पाय ठेवायचा नाही."

"डॅडी, तो मला धर्म बदल म्हणत नाही, मग तुम्ही का म्हणता?"

"माझं घर, माझा धर्म!"

ॲमांडा शाळेत नववीला इतिहास शिकवते. पेपर माझ्या स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचत तपासते, त्यामुळे युरोपचे राजे मला शेजाऱ्यांसारखे माहीत आहेत. ती म्हणाली, "आजी, डॅडी जर्मनीचे राजे झाले गं. पावणेपाचशे वर्षांपूर्वी तिथं ठरलं, ज्याचं राज्य त्याचा धर्म. पटत नसेल त्याने सामान बांधायचं."

"आणि हे घर कुणाच्या नावावर?"

"तुझ्या."

"मग हा कुठला राजा?"

३. राजांबद्दल माझं मत नोंदवावं. इंग्लंडच्या एकाने बायको बदलायला देशाचं चर्च बदललं. फ्रान्सच्या एकाने गादीसाठी स्वतःचा धर्म बदलला आणि आपल्या जुन्या धर्मवाल्यांना अभय दिलं. त्याच्या नातवाने ते अभय मोडून लाखांवारी माणसं देशोधडीला लावली. आमच्या वाट्याला पोर्तुगालचा आला. हिंदुस्थानातले पाद्री तू नेम, असा हक्क त्याला पोपनेच दिला. पुढे पोपला तो परत हवा झाला. दोघांनी आमची विहीरसुद्धा पाहिली नव्हती. भांडले कोण? आम्ही. वरची आळी राजाची, खालची पोपची. माझ्या लग्नापर्यंत ते भांडण मिटून तीस वर्षं झाली होती, पण आमच्या गावठणात कुणी कळवलं नसावं.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात, उंबराचं पाणी म्हणतात त्याला, आणि त्याने नवरीला आंघोळ घालतात. मी खालच्या आळीची. सासूने निरोप धाडला, पोपच्या विहिरीत भिजलेली सून घेणार नाही. मागोमाग वरच्या विहिरीतून राजाची कळशी आली. डिसेंबर महिना. मी दोन आंघोळी केल्या आणि सकाळी वेदीपुढे अकरा वेळा शिंकले. सासू मरेपर्यंत सांगायची, पोरगी नाजूक निघाली.

आता वरच्या विहिरीवर टॉवर आहे. खालच्या विहिरीतून ॲमांडासाठी पाणी आणाल तेव्हा पहिली कळशी प्रबुद्धची आई शांताबाई हिने ओढावी. तिची खुशी असेल तरच. कुणी नाक मुरडलं तर त्याला त्या दिवशी वडे वाढू नयेत.

४. मसाल्याचं उखळ-मुसळ शेजारच्या धाकूच्या सुनेला. तिला राग फार येतो, उपयोगी पडेल. घरातल्या वेदीवरचा खुरीस, म्हणजे क्रूस, युस्टेसला. त्याने तो पुसावाही. कबर वरच्या बाजूला की खालच्या, ते मला विचारू नये. मी तिथून भांडणार नाही.

५. हे वाचून दाखवत असताना युस्टेस आला आणि पेन उघडून उभा राहिला, म्हणून हे कलम वाढवलं.

"आय, मला न विचारता? साक्षीदार मी होणार. माझ्या सहीशिवाय या घरातला कागद हलत नाही."

प्रांजलबाई म्हणाल्या, "खुशाल करा, काका. फक्त साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमच्या दोन खोल्या जातील."

"जातील म्हणजे?"

मी म्हटलं, "कर ना रे सही. धर्मापायी पोटच्या पोरीला घराबाहेर काढत होतास, तिथं दोन खोल्या काय!"

त्याने पेनाला टोपण लावलं. एवढा मोठा धर्म, मागच्या दोन खोल्यांत पंख्यासकट मावला. मग खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, "लग्न कधी ठरवताय?"

"ॲमांडाला विचार," मी म्हटलं. "घर तिचं होणार आहे."

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. एकही शब्द मऊ करू नये.

निशाणी डावा अंगठा: सेव्हरिना अंतोन मिस्किटा

आमच्यादेखत अंगठा केला. आम्हाला यातून काही मिळत नाही:
१. डॉ. शिवदास नाईक (सही)
२. मार्तंड वझे, समोरचे शिंपी (सही)

स्थळ: अंधेरी पूर्व, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५