एकाच सुईचे ठिपके

कामठा

प्रिय लालसिंग,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. अक्षर ओळखलं असशीलच. कॉलेजात माझ्याच वह्या उतरवून पास झालास. मी शाळेतून निवृत्त झाले. माझे यजमान भैयाजी जाऊनही बरीच वर्षं झाली. धान घरात आलंय. एकटीला काय लागतं?

मधे मोतीबिंदूसाठी गोंदियाला गेले होते. ऑपरेशनआधी रक्त तपासतात. डॉक्टर म्हणाले, तुमच्या अंगात कधीतरी हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृतावर बसणारा विषाणू, येऊन गेलाय. मी त्यांनाच झापलं. मला आयुष्यात कावीळ झाली नाही. पण पुन्हा तपासलं तेव्हा विषाणू सापडला नाही, नुसती त्याची खूण सापडली. काहींचं शरीर त्याला आपोआप हाकलून देतं म्हणे, तसं बळ आईबापांकडूनच येतं. बाकीच्यांच्या अंगात तो मुकाट बसतो आणि वर्षानुवर्षं यकृत कडक करत नेतो, शेवटी पायांवर सूज येते. कधी रक्त चढवलं होतं का, कुणाची सुई टोचून घेतली होती का, असं त्यांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हटलं. घरी येऊन भांडी घासायला बाही वर केली, आणि गोंदलेले तीन ठिपके दिसले.

कचारगडची, तुमच्या देवाची जत्रा. घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. तू देवापुढे डोळे मिटून उभा होतास आणि मी देवाकडे कमी, तुझ्याकडे जास्त बघत होते. मग ती गोंदणारी म्हातारी भेटली. माझ्या हातावरचे ठिपके झाले, तशी तू आपला हात पुढे केलास. "बाईचं गोंदन तुले कायले पायजे रे, पोट्ट्या?" म्हणून ती खेकसली. "हिच्यासारखंच पायजे," तू म्हणालास. तिनं तीच सुई पदराला पुसली आणि तुझ्या हातावर टोचली. मी रागावल्याचं नाटक केलं. आत काय झालं होतं ते तुला तेव्हाही सांगितलं नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. माझे बाबा म्हणाले, त्यांचं रक्त वेगळं. तुझे वडीलही तेच म्हणाले. दोघांचं एकमत झालं ते तेवढ्या एकाच गोष्टीवर. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे बळ जातीवर ठरतं का? ते हसले. म्हणाले, बाई, एका आईच्या दोन लेकींतसुद्धा एकीत असतं, दुसरीत नसतं. हे वाक्य मला आमच्या ओसरीवर ऐकायला हवं होतं, तेव्हा, तू सायकल धरून बाहेर उभा होतास तेव्हा.

गेल्या बाजारात तुझी पुतणी मंगली भेटली. "काका लय थकून राह्यले, मॅडम. पाय सुजून राह्यले. लोक म्हनतात, पेत असन." मी तिला तिथेच सुनावलं. लग्नात मोहाची दारू निघाली की उठून जाणारा माणूस आहे तो. ती म्हणाली, "आताही तसाच आहे." तेवढं ऐकून बरं वाटलं. पायांचं ऐकल्यापासून मात्र माझं कशात लक्ष नाही.

म्हणून लिहिते आहे. काविळीची माळ डोक्यावर घालून बसू नकोस, मुळ्याही उगाळून पिऊ नकोस. कदाचित तुझ्या शरीरानंही त्या विषाणूला हाकललं असेल, दुखणं दुसरंच असेल. पण कदाचितवर मला झोप येत नाही. असलाच, तर आता त्यावर गोळ्या आहेत, काही महिन्यांच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पाय सुजले म्हणजे उशीर झालाय, पण उपाय संपलेला नाही. मंगळवारी सालेकशाहून सकाळच्या गाडीनं ये. मी गोंदियाला दवाखान्याच्या दारात थांबेन. वाद घालू नकोस, कारणं सांगू नकोस. रक्त काढायला तुला बाही वर करावीच लागेल. तेव्हा हात जरा माझ्याकडे धर. ते ठिपके मला एकदा बघायचे आहेत.

तुझीच,
प्रेमिला