चुन्याचे हात

२० जानेवारी १९७५

बातमी खरी आहे. कडुलिंबाची झाडं पाडणार. फाटकापासून लॅबोरेटरीपर्यंतची सगळी सतरा! तिथे नवा हॉल व्हायचाय म्हणे. शिपायाने सांगितलं, आणि आमच्या शिपायाला जे आज कळतं ते प्राध्यापकांना महिन्याने कळतं.

कॉलेजात मुलींना बसायला खोली नाही. तास अकराला संपतात, प्रॅक्टिकल तीनला. मधला सगळा वेळ आम्ही लिंबाखाली काढतो. डबा तिथे, अभ्यास तिथे, भांडणं तिथे. मी निदान मामाच्या घरी जाऊन येऊ शकते. वच्छलाचं काय? ती वैरागहून एस.टी.ने येते. अ‍ॅडमिशनच्या वेळी तिचा दादा मुद्दाम कॉलेज बघायला आला होता. वर्ग बघितले नाहीत, लायब्ररी बघितली नाही. झाडाखाली मुली बसलेल्या बघितल्या आणि म्हणाला, "सावलीला पोरीबाळी बसत्यात. मग शीक."

आज ती म्हणाली, "झाडं गेली की माझं कालिज बी गेलं बग, गौरे. दादा उन्हात बसू द्यायचा न्हाय आन् बाजारात फिरू बी द्यायचा न्हाय."

मी म्हटलं, काहीतरी करू. तोंडाला येईल ते बोलते मी.

२३ जानेवारी

'झाडं वाचवा मंडळ' स्थापन झालं. सभासद तीन — मी, वच्छला आणि आमच्या वर्गातला संगप्पा. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलायची घरातली सवय त्याला वारशाने आलीय, फक्त विकायला माल कुठला नाही.

पहिला ठराव त्याचाच. कागद वापरायचा नाही. "झाडाचा लगदा करून त्यावर झाडं वाचवा लिहायचं? लाज वाटली पाहिजे." शिवाय झाडाला खिळा ठोकायचा नाही, भिंतीला रंग फासायचा नाही. मला पटलं. तसाही बाजारात कागद मिळतोय कुठे? वह्यांना रांगा लागतात. तत्त्व आणि टंचाई एकाच दारातून आत आली.

२५ जानेवारी

फळ्यावर खडूने लिहिलं. दुसऱ्या तासाच्या सरांनी पुसलं. वाचलंसुद्धा नाही.

३० जानेवारी

वच्छलाने गावाहून पळसाच्या पत्रावळी आणल्या. त्यावर आम्ही तांबडी काव कालवून लिहिलं, 'सावली पाडू नका', आणि सुतळीत ओवून कंपाउंडला तोरणासारख्या बांधल्या. फार छान दिसत होत्या. मी लांब जाऊन दोनदा बघून आले.

दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर नुसती सुतळी. शेळ्या! एक तर अजून 'सावली' चघळत होती. आमचं म्हणणं आधी शेळ्यांच्या गळी उतरलं.

संगप्पा म्हणाला, "आता काय करायचं?" त्याला विचारायला सुचतं, सांगायला नाही.

५ फेब्रुवारी

आज दवंडी. कोंडीबा हलगीवाले गावात दवंडी देतात, त्यांना वच्छलाने विचारलं. "म्हस हरवली तरी मी सांगत फिरतो, पोरी. ही तर झाडं हायती," म्हणाले आणि आले.

फाटकाशी हलगी कडाडली. सगळं कॉलेज धावत आलं. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात बी.कॉम.च्या पोरांनी फेर धरला. कुणी शिट्टी मारली, कुणी रुमाल उडवला. "वरातीतलं वाजवा!" कोंडीबांनीही हात बदलला, आणि मग लिंबांचं नावही कुणाच्या कानावर गेलं नाही. शेवटी ऑफिसातून माणूस आला आणि दवंडी बंद.

"नाचनारी मानसं फुडं आली की माजा हात ऐकत न्हाय बगा," कोंडीबा म्हणाले. "चुकलं माजं." त्यांना काय बोलायचं? गड्ड्याची यात्रा संपून तीन आठवडे झाले तरी पोरांच्या अंगातली जत्रा उतरलेली नाही.

१२ फेब्रुवारी

प्राचार्यांना भेटलो. खुर्च्या असून उभेच राहिलो. संगप्पा ऐनवेळी मुका! मग मीच बोलले. दुष्काळात आमच्या आधीच्या मुलांनी हात धुतलेलं पाणी घालून ही झाडं जगवली, तेही सांगितलं. मुलींना बसायला जागा नाही हेही सांगितलं. वच्छलाकडे बोट दाखवलं तर ती टेबलाआड जवळजवळ बसलीच.

प्राचार्य फायलीतून वर न बघता म्हणाले, "बरं. पाहतो."

बाहेर आल्यावर संगप्पाला वाचा फुटली. "पाहतो म्हणजे नाहीच." मलाही तसंच वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१९ फेब्रुवारी

काही होत नाही. काही होणार नाही. लिहायलाही कंटाळा आलाय.

२४ फेब्रुवारी

मामीने विचारलं, "अजून तुमची झाडं चाललीयत का?" मी म्हटलं, झाडं जागेवरच आहेत, आम्हीच चाललोय. तिला हसू आलं. मला नाही आलं.

वच्छलाच्या दादाला कुणीतरी कळवलंय. तो म्हणतो, झाडं पडली की दुसऱ्या दिवसापासून घरी. परीक्षेलासुद्धा बाहेरून बसायचं नाही. ती हे सांगताना गवताची काडी सोलत होती, वर बघत नव्हती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

२ मार्च

अक्कलकोटला जाऊन आले. धाकट्या काकांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आजीचा मान म्हणून अव्वाने हळदीत हात बुडवून दारावर उमटवले. पाहुण्यांतली प्रत्येक बाई तिला बघून पुढे झाली. कुणी बोलावलं नव्हतं. ओला हात दिसला की दुसऱ्याला आपला उमटवावासा वाटतोच!

तेव्हाच डोक्यात आलं. झाडांवर हात उमटवायचे. चुन्याचे. ज्याला झाड हवं त्याने हात द्यायचा. कागद नाही, खिळा नाही, पावसात आपोआप धुऊन जाईल. शेळ्यांनाही आवडणार नाही.

४ मार्च

मामीकडून दिवाळीचा उरलेला चुना घमेल्यात भिजवून नेला. थोडा डिंक घातला. हाताला आधी तेल लावायचं, नाहीतर चुरचुरतं. प्राचार्य विद्यापीठाच्या बैठकांसाठी दहा दिवस कोल्हापूरला गेलेत, त्यामुळे अडवायला कुणी नाही.

फाटकाजवळच्या तीन-चार झाडांवर कुणीतरी आधीच चुन्याचे फराटे ओढून ठेवलेत. पोरांचा चावटपणा. मी पहिला हात नेमका त्या फराट्यावर उमटवला.

दिवसभरात हात उमटले ते आमचे तिघांचेच. पोरं विचारून गेली, "भिंत सारवायला आलात का?"

६ मार्च

विश्वास बसत नाही. लिहिताना हात अजून पांढरा आहे.

लायब्ररीतल्या बाई सहज जाता जाता थांबल्या, बांगड्या वर सारल्या आणि हात उमटवून गेल्या. त्यांना बघून पहिल्या वर्षाच्या मुली आल्या. मुली आल्या म्हणून मुलं आली! विणकरांच्या घरची तेलुगू मुलं, बी.कॉम.ची ती नाचरी पोरं, सगळी रांगेत. दुपारनंतर घमेलं तीनदा कालवलं. लांबून बघितलं तर बुंधे पांढरे दिसत होते.

एकच लिंब कोरा राहिला. मुलांच्या मुतारीमागचा. तिकडे वासाने उभं राहवत नाही. वच्छला घमेलं उचलून निघाली होती, "त्यानं काय पाप केलंय?" म्हणत. मी तिला पदर धरून मागे ओढलं. म्हटलं, तिकडे बघायला कोण जातंय!

आज पहिल्यांदा वाटलं की होईल. मोठ्याने म्हणाले नाही. दृष्ट लागते.

९ मार्च

उद्या अक्कलकोटला. शिवरात्र घरी.

११ मार्च

उपास. देवळात बेल वाहताना झाडांसाठीच मागितलं. अव्वाला सांगितलं, परीक्षेसाठी.

१३ मार्च

पाडली.

काल सकाळपासून पाडत होते म्हणे, आज उरलेली आडवी होती. फाटकातून आत शिरले आणि आधी मला कळेचना की इतका उजेड कशाचा. मग दिसलं. ओंडके, फांद्या, हिरवा पाला, आणि सालीवर आमचे पांढरे हात. बायका फाटे गोळा करत होत्या.

झाडं पाडणाऱ्यांचा मुकादम ईरप्पा ओंडक्यावर बसून तंबाखू मळत होता. मी काय बोलले ते आठवत नाही, आरडाओरडा केला एवढं आठवतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तायी, आमाला सांगितलं, चुना लावल्यालं झाड पाडायचं. चुना बगितला, पाडलं. पट्टा हाय का पंजा हाय, ते आमी कशाला बगू?"

पुन्हा म्हणाला, "आदी चारच सांगितली हुती. हितं येऊन बगतो तर ही रांग. आमी म्हनलं, काम वाडलं वाटतं."

चारच.

१४ मार्च

प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. आज बसा म्हणाले.

चष्मा पुसत बोलत होते. आम्ही भेटून गेल्यावर त्यांनी हॉलचा नकाशा बदलून घेतला होता. हॉल मागे सरकवला. चार झाडं नाइलाजाने जाणार होती, त्यावर ओव्हरसियरने चुन्याचे पट्टे मारले. बाकी राहणार होती. "कोल्हापूरहून आलो की तुम्हाला सांगणार होतो," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे आम्ही जिंकलो होतो. बारा फेब्रुवारीलाच. त्यानंतर जे केलं ते मी केलं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात. मी वच्छलाच्या पायावर पाडला.

संगप्पा म्हणाला, "तुझी एकटीची चूक नाही." आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलला. मला रडू आवरलं नाही.

१७ मार्च

वच्छला आली नाही.

१९ मार्च

नाही आली. वैरागची एस.टी. येते तेव्हा फाटकाशी जाऊन उभी राहते. उन्हात. आता तिथे उन्हाशिवाय काही नाही. बाकीच्या मुली तास संपला की घरी जातात. प्रॅक्टिकलला आज मुलींत मी आणि आणखी एक, दोघीच होतो.

तिला पत्र लिहायला बसले. काय लिहू? ये म्हणू? कुठे बसायला ये म्हणू?

२१ मार्च

मामा म्हणाले, पुढच्या वर्षी सकाळचं आर्ट्स घे, प्रॅक्टिकल नाही की दुपारपर्यंत थांबणं नाही. मी हो म्हटलं. भांडायला अंगात काही उरलेलं नाही.

२४ मार्च

अकराचा तास सुटला. मुतारीच्या मागून कुणीतरी हाक मारली, "गौरे!"

त्या कोऱ्या लिंबाखाली वच्छला बसली होती. नाकाला पदर, मांडीवर डबा उघडलेला. तो लिंब आहे हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. त्याला चुन्याचं बोट लागलेलं नव्हतं, म्हणून ईरप्पाने त्याला हात लावला नाही.

"ये की. वास काय खातोय व्हय?"

मी बसले. दादाने कसं सोडलं, विचारलं.

"दादाला म्हनलं, झाड हाय," ती भाकरी मोडत म्हणाली. "कुटं हाय ते सांगितलं न्हाय."