ईदची नानकटाई

जुन्नर,
२२ मार्च २०२६, ईदचा दुसरा दिवस

प्रिय नूतन,

सलाम. तिकडे आणे गावात ऊन तापायला लागलं असेल. तुझे फोन उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. बोलायला गेलं की आवाजच फुटत नाही, लिहायला जमतं.

ईद झाली. हे गेल्यामागची माझी इद्दत, चार महिने दहा दिवसांचा शोक, अजून चालू आहे, म्हणून नवे कपडे नाहीत, कुणाकडे जाणं नाही. रोजे मात्र सगळे केले. पहाटे सहेरीच्या जेवणाला मला उठवायचं काम ह्यांचं असायचं. यंदा गजर वाजायचा आणि मी नुसतीच अंथरुणावर बसून राहायची.

रमजान संपत आला तेव्हा धाकटा दीर दस्तगीर आला. म्हणाला, "भाभी, बेकरीची भट्टी पाडू अन् गाळा भाड्यानं देऊ. मोबाईलवाला तयार हाय. तुमालाबी बरं."

मी लगेच हो म्हणाले. घरातून भट्टीच्या खोलीत जायचं मागचं दार ह्यांच्या जाण्यापासून मी उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळुबाई आल्या. आमच्या गल्लीत मुलाकडे राहतात, धनगराच्या आजी. हातात डबा. ईदला, दिवाळीला घरोघरचं मैदा-तूप आमच्याच भट्टीवर यायचं, तुला ठाऊकच आहे.

"गुलाबभाऊ न्हाई, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर पोरं नानकटाई इचारत्यात. कर की तू."

"मला नाही जमायचं, साळुबाई. त्या खोलीत पायच उचलत नाही. हे तिथंच पडले, हातात भट्टीचं लांब फावडं घेऊन. मी पाणी आणायला धावले. परत आले तर..."

नूतन, हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. घरच्यांनाही मी 'अचानक गेले' एवढंच सांगत होते.

साळुबाईंनी डबा काखेत मारला. मग माझा हात धरला. "चल. मीबी येते."

आत त्या दिवशीचा मैदा अजून जमिनीवर सांडलेला होता. मी तो झाडला. लाकडं रचली, भट्टी पेटवली, नानकटाई वळून पत्र्यांवर मांडली. पहिला पत्रा पार करपला. कोळसाच! मी तिथंच बसले आणि मोठ्याने रडले, हे गेल्यापासून पहिल्यांदा. साळुबाईंनी रडू दिलं.

"झालं? आता तूप वाया घालू नगं," एवढंच म्हणाल्या.

मग मी ह्यांच्यासारखा चिमूटभर मैदा भट्टीत टाकून बघितला. काळा पडला, म्हणजे भट्टी अजून फार कडक. थांबले. पुन्हा टाकला, बदामी झाला. तेव्हा दुसरा पत्रा आत सरकवला. रोजा असल्याने चाखता येत नव्हतं. सगळा भरवसा नाकावर. साळुबाईंनी एक तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

"लई भारी! वेलदोडा गुलाबभाऊपेक्षा जास्त पडलाय, पर ऱ्हाऊ दे. असाच टाकत जा."

तो वास अख्ख्या गल्लीत गेला. दुसऱ्या दिवशी दारात डबेच डबे. दस्तगीर मोबाईलवाल्याला घेऊन माप घ्यायला आला, तर मी पदर खोचून, घामाने निथळत, फावडं घेऊन उभी! त्याने ओळीने मांडलेले डबे बघितले. मग पाहुण्याकडे वळून म्हणाला, "गाळा द्यायचा न्हाई राव. आमची बेकरी चालू हाय." आणि बाह्या सरसावून मला विचारलं, "भाभी, गरम पत्रे कुठं ठिवू?"

शेवटच्या रोजाला सगळे डबे ज्याच्या-त्याच्या घरी पोचले तेव्हा कुठे मी बसले. अजान झाली. खजूर खाल्ला, पाणी प्याले, मग माझ्या हातची नानकटाई घेतली. ह्यांच्यासाठी दुवा मागितली. डोळे वाहत होते, तरी मी खातच होते. नूतन, फार चांगली झाली होती गं.

इद्दत संपली की बेकरीचं पुढचं शटर उघडणार. पाटीवर ह्यांच्या नावाशेजारी माझंही नाव घालायला दस्तगीरला सांगितलंय. तू ये. मी आता बोलू शकते.

तुझी,
जैबुन भट्टीवाली