तिचा उजवा खांदा

प्रिय घुम्या,

अक्षर ओळखलंस ना? नावावरून तर ओळखशीलच. तुला हे नाव ठेवणारी मी एकटीच, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. पण तुझी बायको तुला ‘आमचे मौनीबाबा’ म्हणते. ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला असा काही राग आला म्हणून सांगू! म्हणजे तू अजूनही तसाच गप्प गप्प असतोस, आणि त्या गप्प असण्याचे लाड करायचा हक्क आता दुसरीकडे गेलाय. हो, तुझी बायको माझी पेशंट आहे. तुला ते माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मलाही कळलंय. ते कसं, ते पुढे सांगते.

ती पहिल्यांदा आली तेव्हा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. खांद्याच्या गोळ्याला सगळीकडून धरून ठेवणारे छोटे छोटे स्नायू असतात, त्यातला एक हाडापासून फाटून सुटलेला. सर्जननं तो पुन्हा शिवून दिला आणि पुढचं काम माझ्याकडे पाठवलं. इतकी वर्षं पोहायला शिकवायचं, पोरांना पाण्यात झेलायचं, खांदा कुरकुरणारच. टेबलावर आडवी होता होता म्हणाली, “बाई, हात नीट करून द्या हो. एका हातानं पोहायला लागले तर तलावात जागच्या जागी गोल गोल फिरत राहीन.” मला हसू आवरेना. ती मला तिथल्या तिथे आवडली, आणि हीच तर पंचाईत झाली. कारण संध्याकाळी पडदा सारायला खिडकीशी गेले, तर खाली गाडीचं दार उघडून तू उभा. केस बरेच गेलेत तुझे, पण मान तशीच, किंचित डावीकडे कललेली. तिच्या कोपराखाली तू उशी सरकवलीस, वाकून तिचा पट्टा लावलास, तो झोळीतल्या हातावर दाबत नाही ना ते बोट घालून पाहिलंस. तुझ्या बोटांना इतकं हळुवार वागता येतं, हे मला खिडकीतून कळावं?

खरं तर दुसऱ्याच दिवशी तिला माझ्या सहकारिणीकडे द्यायला हवं होतं. ती माझ्याइतकीच चांगली आहे, हात तर माझ्याहून मऊ. पण दुखऱ्या दाताकडे जीभ पुन्हा पुन्हा जावी, तसं माझं झालं. शिवलेला खांदा सुरुवातीला पेशंटनं स्वतः उचलायचा नसतो. आम्ही उचलतो, तिनं फक्त हात सैल सोडायचा. आणि घाबरलेलं माणूस सैल पडतं ते गप्पा मारताना. तेव्हा तिला बोलतं करणं हे माझं कामच, आणि ती बोलणार कशाबद्दल? मी तिचा हात कानाकडे नेत असते आणि ती सांगत असते, की हे अंघोळीत गुणगुणतात, ह्यांचा चष्मा कधी जागेवर सापडत नाही. जे मला आधीच ठाऊक होतं त्याचं काही वाटत नव्हतं. नवीन काही निघालं, की आत कुठेतरी चिमटा बसायचा.

आणि मग एकदा ते पोहण्याचं निघालं. तू, पोहणारा! माझ्याबरोबर समुद्रावर यायचास तेव्हा घोट्याच्या वर पाणी आलं की चपला हातात घेऊन माघारी. मी किती विनवलं, किती चिडवलं, एकदा तर रुसून वाळूत बसून राहिले. आणि ती सहज सांगते, की “आमची ओळखच तलावावर झाली. एवढा मोठा माणूस काठ सोडेना. मग मी पाठीखाली हात धरला नि म्हटलं, मी सोडेन तेव्हा सांगेन. आणि न सांगताच सोडला!” ती खदाखदा हसली. तो पाठीखाली धरलेला हात नेमका हाच, त्या क्षणी माझ्या तळव्यात होता. घुम्या, माझी पकड घट्ट होत चालली होती. अजून जरा पुढे रेटला असता, तर एक कळ उठली असती आणि तुझी गोष्ट तिथेच थांबली असती. मी हात अलगद उशीवर ठेवला, बर्फाची पिशवी आणते म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन फ्रीजचं दार उघडं टाकून नुसती उभी राहिले. असा माझा जळफळाट तू सोडून गेलास तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा निदान समोर कोणी नव्हतं.

बाहेर आले तर ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, “तुमचा हात लागला ना, की भीती पळते माझी.” आता ह्यावर माणसानं काय करावं?

पण गेले काही आठवडे खांदा आखडत चाललाय. हात छातीच्या वर येतच नाही. मी विचारलं, घरचा व्यायाम होतो का? आधी टाळाटाळ केली, मग म्हणाली, होत नाही. पाठीवर झोपून दुसऱ्यानं हात उचलायचा असतो, आणि तू हातच लावत नाहीस. तिला दुखेल म्हणून लांब राहतोस. मी म्हटलं, मग त्यांना इथे घेऊन या, मी शिकवते. त्यावर ती छताकडे बघत म्हणाली, “ते खालच्या दारापर्यंत येतात, वर येत नाहीत. काय बिनसलंय कळत नाही. मी घरी तुमचं नाव सांगितलं ना, त्या दिवसापासून असं करतायत.” तिचा सूर साधा होता. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

तर हे पत्र त्यासाठी. जुनं काही उकरून काढायला लिहिलेलं नाही, तुला बोल लावायलाही नाही. माझ्या वाऱ्यालाही उभं राहायला नको म्हणून तू खाली गाडीत बसतोस, आणि त्याची किंमत तिचा खांदा मोजतोय. हात असाच राहिला, तर सर्जन भूल देऊन तो जबरदस्तीनं मोकळा करणार म्हणतात. ती मला घाबरून विचारत होती, परत पाण्यात उतरता येईल ना? मी हो म्हणून बसलेय. तेव्हा मंगळवारी वर ये. एक हात तिच्या कोपराखाली कसा धरायचा, दुसरा मनगटाशी कसा, कुठवर न्यायचं आणि तिचा चेहरा बघून कुठे थांबायचं, हे शिकवताना मला माझा हात तुझ्या हातावर ठेवावा लागेल. सगळ्यांना तसंच शिकवतात. तेवढं आपण दोघं सहन करू. हेवा मला अजूनही वाटतो, मंगळवारीही वाटेल, पण त्याचं मी बघून घेईन. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. नखं कापून ये, तिची कातडी नाजूक आहे. आणि ती कळवळली तरी हात मध्येच सोडू नकोस.

शेवटी ‘तुझीच’ लिहायला पेन आपोआप वळलं होतं. आवरलं.

तिची,
फिजिओबाई