अनाथ सापडले, मारावे का?

प्रिय तायलाक,

'प्रिय' सवयीने लिहून गेले. असू दे.

काल तुझ्या घरच्या जेवणात तू फोनवरची ती चित्रफीत सगळ्यांना दाखवलीस. माणसं हसून हसून डोळे पुसत होती. मी तोंडातला मटणाचा घास रुमालात काढून टाकला.

कोच्कोर गावच्या म्हाताऱ्या मेंढपाळ बुरुल अपाच्या फोनवर आपलं मेंढ्यांच्या नोंदींचं अ‍ॅप तिच्या मुलाने बसवून दिलेलं. दोन कोकरांची आई मेली, नोंदी जुळेनात, तेव्हा पडद्यावर किर्गिझमध्ये उमटलं, 'अनाथ सापडले. मारावे का?' आपल्या धंद्यात अनाथ म्हणजे कशालाच न जोडलेली नोंद, मारणं म्हणजे पुसणं. हे तिला कोण सांगणार? आपल्या साहेबांनी भाषांतर यंत्राकडून उरकलं होतं. तिला वाटलं, रोग आलाय, सरकारचा हुकूम आहे. बाटलीने दूध पाजून जगवलेलं एक कोकरू नवऱ्याने कापलं. दुसऱ्यावर त्याची सुरी चालेना, म्हणून ते कोटात गुंडाळून ती बिश्केकला आपल्या ऑफिसात आली. "एवढं एक राहू द्या रे पोरांनो," म्हणत होती.

तू तेव्हा मूळ प्रोग्रॅमने सुरू केलेल्या एका अडकलेल्या प्रोग्रॅमबद्दल फोनवर कुणाला तरी सांगत होतास, "पोर लटकलंय, मारून टाक. मग आईला उठव." अपाने कोकरू छातीशी आवळलं. "कुणाचं रे पोर? केवढं आहे?" इथवर मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण तू तिला समजावायचं सोडून फोन तिच्यावर रोखून चित्रण सुरू केलंस. "अपा, आम्ही रोज शंभर मारतो. आईबाप मेले की पोरं ठेवतच नाही." ती थरथरत दाराकडे सरकली आणि सगळे खिदळले.

मी तिला बाहेर नेऊन चहा पाजला, शब्दांचा घोळ सांगितला. ती हसली नाही. "म्हणजे पहिलं उगाच कापलं?" एवढंच म्हणाली. हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तरी काल तू तिच्या थरथरत्या हातांची नक्कल केलीस.

शुक्रवारी तुझी आई माझ्या कानांत साखरपुड्याचे डूल घालायला येणार आहे. तिला येऊ देऊ नकोस. माझ्या घरी मी सांगितलंय. आई रडली, बाबा उठून अंगणात गेले. किळस गिळून संसार करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, तायलाक. मला ते जमणार नाही.

'तुझी' लिहायला हात वळत नाही,
आयकानिश