बाराच्या आत सहा शिक्के

रविवार, १४ ऑगस्ट, संध्याकाळ
उद्या पहाटे पाचला निघायचं. ठरलं म्हणजे ठरलं. आमच्या बोर्साकहून निघून डोंगराला वळसा, शुक्रवारी परत. पाच दिवस, दोनशे चाळीस किलोमीटर, एकटा.

पैज अशी. सायकल क्लबच्या कार्डावर सहा चौकोन आहेत. सहा गावं, प्रत्येक गावातल्या दुकानाचा नाहीतर पोस्टाचा एक शिक्का, तारखेसकट. सहा आणले तर हे घर राहिलं. एक जरी कमी पडला तर शनिवारी अकराला नोटरीकडे जाऊन घर विकण्याच्या कागदावर मी सही करायची आणि आम्ही शहरात, लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जायचं. हुगेतने हात पुढे केला, मी टाळी दिली. बायको अशा वेळी फार शांत असते. ते मला आवडत नाही.

तिचं म्हणणं, आन्सेल्म, गेल्या उन्हाळ्यात चरात पडलास, तेवढं पुरे. शिवाय जिना, गुडघे वगैरे काहीतरी सांगत होती. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी तेव्हा चेनला तेल घालत होतो.

हे घर सोडायचं? मागच्या कोठारात मी ही सायकल स्वतः जुळवली. नाही म्हणजे नाही.

संकल्प: दुपारचं जेवण हलकं. वाईन फक्त संध्याकाळी.

सोमवार, १५ ऑगस्ट, सकाळी ९.४०
गजर पाचला वाजला होता. विश्रांती हाही तयारीचाच भाग. दारात हुगेत म्हणाली, आज काय आहे माहीत आहे ना तुला? म्हटलं, कॅलेंडर मला शिकवू नकोस.

संध्याकाळी ६
मेरीमातेचा सण. वेर्नाक गावात सगळं बंद. बेकरीवाली मिरवणुकीत मेणबत्ती घेऊन चाललेली. सायकल ढकलत तिच्या बाजूने चाललो, हळूच शिक्का मागितला. ती पुटपुटली, अहो, निदान टोपी तरी काढा! टोपी काढली. शिक्का उद्या.

एकोणीस किलोमीटर झाले. पहिला दिवस अंग सैल करण्याचा असतो.

मंगळवार, १६ ऑगस्ट, सकाळी ७.१०
शिक्का एक! शिवाय ताजी, गरमागरम पावाची लादी. पुलाच्या कठड्यावर बसून नुसतं लोणी लावून खाल्ली. खाली नदी, समोर गायी, कुणी काही विचारत नाही. माणसाला आणखी काय लागतं? अजून पाच शिक्के लागतात.

संध्याकाळी ५
दुसऱ्या गावी पोचलो १२.०७ ला. दोनपर्यंत बंद. मग तोवर माणसाने काय करायचं? जेवायचं. कोंबडी, चीज, आलुबुखाराचा टार्ट. वाईन अर्धी सुरई, कारण पूर्ण सुरई संकल्पात बसत नव्हती. जरा लिंडनच्या झाडाखाली टेकलो तो जागा झालो ४.२० ला. शिक्का दोन. वेळापत्रकाला थोडासाच धक्का.

बुधवार, १७ ऑगस्ट, दुपारी १२.३०
संताप! १२.०२ ला कॅफेवाल्याने माझ्या नाकासमोर शटर ओढलं. म्हटलं, अरे, एक शिक्का, दोन सेकंदांचं काम. तो म्हणतो, काका, बारा वाजले, माझं ऑम्लेट गार होतंय. ऑम्लेट! इकडे माझं घर चाललंय आणि ह्याला ऑम्लेट!

मीही एकतीस वर्षं मोंतोरीच्या पोस्टात खिडकीवर होतो. बाराच्या ठोक्याला खिडकी पाडायचो, रांगेत म्हातारी असो की लेकुरवाळी. पण ती शिस्त होती. लोक मनातून मान द्यायचे. हा निव्वळ उद्धटपणा.

रात्री ८
दोनला शिक्का तीन. ऑम्लेटवाल्याशी मी बोललो नाही. मग नऊ किलोमीटरचा उतार, दोन्ही बाजूंना कापलेला गहू, मी मोठ्याने गात सुटलो. खाली शिक्का चार. चौसष्टाव्या वर्षी! हुगेतने हे बघायला हवं होतं.

गुरुवार, १८ ऑगस्ट, संध्याकाळी ७
शिक्का पाच. मोठा चढ. अर्ध्यावर एका ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली, काय हो, जिवंत आहात ना? त्याच्या ट्रॉलीला मी फक्त हात लावला. तीन किलोमीटर. चाकं माझीच फिरत होती, तेव्हा ही फसवणूक नाही.

हुगेतला फोन केला. जेवलास का म्हणाली. मग सांगितलं, मी निघाल्यापासून ती खालीच, सोफ्यावर झोपते आहे. टीव्ही जवळ पडतो म्हणून असेल.

आता एकच शिक्का. तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय: मोंतोरी! माझं पोस्ट! तिथली बेकरी ऑगस्टभर सुट्टीवर, कॅफे कायमचा बंद, पण काळजी कसली? खिडकीवर आर्मांदीन आहे. पोरीला मी स्वतः तयार केलंय. मला पाहून उठून उभी राहील.

शुक्रवार, १९ ऑगस्ट, सकाळी १०.३०
मोंतोरी सहा किलोमीटर. शुक्रवारी तिथलं पोस्ट बाराला बंद होतं ते थेट सोमवारी उघडतं. दीड तास हातात. कुंपणाला काळ्याभोर ब्लॅकबेरी लगडल्यात. हुगेतसाठी डबाभर घेतो. घाई करणारा मी नव्हे.

दुपारी १.१५
हे लिहावंसं वाटत नाही.

चेन उतरली. चढवली. पुन्हा उतरली. रविवारी तेल जास्त झालं होतं. शेवटचा चढ उभ्याने पेडल मारत आलो, डोळ्यांपुढे काजवे. पोस्टात शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात ११.५९. कार्ड पुढे केलं. आर्मांदीनने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि खिडकी पाडली.

काचेआडून म्हणाली, साहेब, तुम्हीच शिकवलंत ना? बारा म्हणजे बारा. म्हटलं, अगं, एक मिनिट आहे अजून! तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. १२.०१.

ते घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. मला माहीत आहे. जेवण गार होऊ नये म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी मीच पुढे केलं होतं. कुणी मागे केलंच नाही.

काचेवर हात आपटला. म्हटलं, आर्मांदीन, माझं घर जातंय गं! ती म्हणाली, सोमवारी नऊला या. अगदी माझ्याच आवाजात म्हणाली.

शनिवार, २० ऑगस्ट, दुपारी २
काल कार्ड हुगेतपुढे ठेवलं. रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, मोंतोरी? तुझं मोंतोरी? हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ब्लॅकबेरी मात्र खाल्ल्या.

रात्रभर विचार करून बेत आखला होता. नोटरीचं ऑफिस शनिवारी बाराला बंद होतं. कागद एकोणीस पानांचा, सगळा मोठ्याने वाचावा लागतो. बारा वाजेपर्यंत ताणलं की सुटलो. पुढचं पुढे.

ऑफिस वरच्या मजल्यावर. तब्येत दिसावी म्हणून दोन-दोन पायऱ्या चढून गेलो आणि वर वाट बघत राहिलो. हुगेत कठडा धरून येत होती. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. मधे थांबत होती. बावीस पायऱ्या. आमच्या घरी सतरा आहेत, दिवसातून चार-पाच वेळा. वर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, बघतोस काय? शिक्का मारायचाय का माझ्यावर?

लाज वाटली. पण बेत ठरला होता. विहिरीबद्दल विचारलं, कुंपणाबद्दल, आलुबुखाराच्या झाडाबद्दल. चष्मा हरवला, खिशातच सापडला. ११.५८ ला पेन उमटेना. मग चर्चचे ठोके पडले, बारा. मी टोपी उचलली आणि उभा राहिलो. म्हटलं, साहेब, तुमची जेवणाची वेळ झाली.

नोटरी म्हणाला, छे छे, बसा हो. तुमच्यासाठी थांबतो आज, जेवण कुठे पळून जातंय?

बारानंतर माझ्यासाठी कुणी खिडकी उघडी ठेवल्याची ही पहिलीच वेळ. टेबलाखाली हुगेत गुडघा चोळत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

सही १२.०४ ला केली. जिना उतरायला आम्हा दोघांना अकरा मिनिटं लागली.